विश्लेषण : पाचाडच्या वाटेवरील नाते गावात जन्मलेला विद्यार्थी रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर कसा झाला?

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. सायन्स, कॉमर्स की आर्ट्स? एकदा निवडलेली शाखा आयुष्यभराची, असे गृहीत धरले जाते. मात्र महाड तालुक्यातच जन्मलेल्या एका हुशार विद्यार्थ्याचा प्रवास या समजाला छेद देतो. त्याने संस्कृतमध्ये नाव कमावले, पदवी विज्ञानाची घेतली आणि पुढे देशाचा पैसा सांभाळला. ते विद्यार्थी म्हणजे चिंतामणराव तथा सी. डी. देशमुख.

नाते गाव नेमके कुठे?

मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ नातेखिंडीतून रायगडाकडे रस्ता फुटतो. जिजाऊंची समाधी असलेल्या पाचाडला जाणारे पर्यटक याच रस्त्याने जातात. वाटेत नाते हे गाव लागते. येथे १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. वडील वकील होते. चिंतामणराव यांचे बालपण रोह्यात गेले आणि पुढील शिक्षणासाठी ते मुंबईला आले.

विद्यार्थी म्हणून त्यांचे वेगळेपण काय?

१९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. संस्कृतसाठी दिली जाणारी मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली. त्या काळी मॅट्रिकच्या या यशाची मोठी चर्चा होत असे. कारण संपूर्ण मुंबई इलाख्यातील मुले या एका परीक्षेला बसत.

संस्कृतमध्ये असे यश मिळवणारा मुलगा त्याच वाटेने पुढे जाईल, असे कुणालाही वाटले असते. देशमुख यांनी मात्र विज्ञान निवडले. १९१५ मध्ये ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजमध्ये दाखल झाले. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे त्यांचे विषय होते. १९१७ मध्ये त्यांनी नॅचरल सायन्सेस ट्रायपॉस ही परीक्षा पूर्ण केली. वनस्पतिशास्त्रातील फ्रँक स्मार्ट पारितोषिकही त्यांना मिळाले.

मग आयसीएस कशासाठी?

इंडियन सिव्हिल सर्व्हिस ही ब्रिटिश राजवटीतील सर्वोच्च प्रशासकीय सेवा होती. भारतीय विद्यार्थ्यांपुढे अडचण होती ती परीक्षा केंद्राची. आज यूपीएससीची पूर्वपरीक्षा मुंबई, पुणे, ठाण्यात देता येते. तेव्हा आयसीएसची परीक्षा फक्त लंडनमध्ये होत असे. भारतात ती १९२२ पासून होऊ लागली. म्हणजे गुणवत्ता असूनही समुद्रप्रवास आणि इंग्लंडमधील वास्तव्याचा खर्च न झेपणाऱ्या मुलाला हे स्वप्न पाहणेही कठीण होते. देशमुख इंग्लंडमध्ये असल्याने ती अडचण दूर झाली होती. १९१८ मध्ये ते ही परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे २२ होते.

पहिला क्रमांक मिळाल्यावरही पेच का पडला?

देशात स्वराज्याची चळवळ जोर धरत होती. अशा वेळी परकीय सरकारची नोकरी करावी की चळवळीत उतरावे, हा प्रश्न या तरुणापुढे उभा राहिला. त्याच काळात लोकमान्य टिळक चिरोल खटल्यासाठी लंडनमध्ये होते. देशमुख त्यांना भेटले आणि नोकरी सोडण्याचा विचार त्यांच्यापुढे मांडला. टिळकांनी त्यांना सेवेतच राहण्याचा सल्ला दिला. स्वराज्य मिळेल तेव्हा कारभार चालवण्याचा अनुभव असलेली माणसे देशाला लागतील, हा त्यामागचा विचार होता. देशमुख यांनी तो मानला आणि १९२० मध्ये ते भारतात परतले.

तो अनुभव कुठे उपयोगी पडला?

मध्य प्रांत आणि वऱ्हाडात त्यांनी महसूल व वित्त विभागात काम केले. १९३९ मध्ये त्यांचा रिझर्व्ह बँकेशी संबंध आला. १९४१ मध्ये ते डेप्युटी गव्हर्नर झाले. ११ ऑगस्ट १९४३ रोजी त्यांनी गव्हर्नरपदाची सूत्रे हाती घेतली. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या या बँकेचे आधीचे दोन्ही गव्हर्नर ब्रिटिश होते. त्यामुळे देशमुख हे पहिले भारतीय गव्हर्नर ठरले.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांची परिषद झाली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँकेचा पाया तेथे घातला गेला. भारताच्या शिष्टमंडळात देशमुख होते. फाळणीनंतर भारत आणि पाकिस्तानच्या चलनव्यवस्था वेगळ्या करण्याचे किचकट काम त्यांच्याच कार्यकाळात पार पडले. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हाही तेच गव्हर्नर होते. टिळकांनी ज्या दिवसासाठी थांबायला सांगितले होते, तो दिवस सुमारे तीन दशकांनी उजाडला होता.

नोकरी न सोडणाऱ्या देशमुखांनी मंत्रिपद का सोडले?

१९५० मध्ये ते केंद्रीय अर्थमंत्री झाले. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत ते आपल्याच कुलाबा जिल्ह्यातून निवडून आले. आजचा रायगड जिल्हा तो हाच. इम्पिरियल बँकेचे स्टेट बँकेत रूपांतर आणि आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण हे मोठे निर्णय त्यांच्या काळातले.

जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर झाला. मुंबईत आंदोलन पेटले, गोळीबारात माणसे मारली गेली. या निर्णयाच्या निषेधार्थ देशमुख यांनी राजीनामा दिला. तो जुलैमध्ये स्वीकारला गेला. पुढे १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र अस्तित्वात आला.

त्यानंतर पुन्हा विद्यार्थ्यांकडेच?

होय. मंत्रिपद सोडल्यावर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. १९६२ ते १९६७ या काळात दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार, तर १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळाले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.

शाळेत आवडलेले विषय मात्र त्यांनी कधीच सोडले नाहीत. गव्हर्नर असतानाच त्यांनी कालिदासाच्या मेघदूताचा मराठी अनुवाद केला. १९६९ मध्ये त्यांच्या संस्कृत कवितांचा संग्रह आला. वनस्पतिशास्त्राची आवड बागकामात टिकून राहिली.

आजच्या विद्यार्थ्यांनी यातून काय घ्यावे?

आता लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, महाडला महाविद्यालय आहे. स्पर्धा परीक्षेसाठी लंडन गाठावे लागत नाही. तरीही पाचाड-नाते परिसरातील मुलांना पुढे काय, हा प्रश्न पडतोच. देशमुख यांच्या आयुष्यात शाखा बदलली, पद बदलले, मालक असलेले सरकारही बदलले. २२-२३ व्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली नाही आणि साठीत मंत्रिपद सोडले. दोन्ही वेळी त्यांच्यापुढे प्रश्न एकच होता : आपले शिक्षण आणि आपले पद नेमके कुणाच्या उपयोगाचे? करिअर निवडताना पगार आणि पर्सेंटाइलच्या जोडीला हा प्रश्नही विचारून पाहायला हरकत नाही.