माळ झाकली नाही

(द्वितीय वर्ष कला)

सानपाड्याला आमच्या शेजारच्या खोलीत एक गोवेकर मावशी राहतात. संध्याकाळ झाली की त्यांच्या घरातून एका लयीत प्रार्थनेचे शब्द ऐकू येऊ लागतात. ऑक्टोबर हा ख्रिस्ती लोकांचा जपमाळेचा महिना. त्या महिन्यात तर त्यांच्याकडे चार घरची माणसे जमतात. या प्रार्थनेला त्या 'तेर्स' म्हणतात. माझी आजी आमच्या दारात बसून, गळ्यातली तुळशीची माळ चाचपत, ते सारे ऐकत असते. तिला शब्द कळत नाहीत. पण माळ कळते! मावशींच्या भिंतीवर मरियामातेच्या तसबिरीशेजारी एका धर्मगुरूंचे चित्र आहे. हे कोण, असे मी एकदा सहज विचारले आणि त्या प्रश्नातून मला एक विलक्षण चरित्र सापडले. ते चरित्र संत जोसेफ वाझ यांचे.

जोसेफ वाझ यांचा जन्म 21 एप्रिल 1651 रोजी गोव्यातील बाणावली या गावी, आजोळी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. घराणे मूळचे ब्राह्मण, पुढे ख्रिस्ती झालेले. घरची भाषा कोकणी. लहानपणी ते पोर्तुगीज व लॅटिन शिकले आणि पुढे उच्च शिक्षण घेऊन 1676 साली धर्मगुरू झाले. त्या काळी गोव्यात राज्य पोर्तुगीजांचे होते. देशी धर्मगुरू कितीही विद्वान असला, तरी त्याला दुय्यमच मानले जाई. जोसेफ वाझ यांना मात्र मानाची हाव नव्हतीच. ते अनवाणी चालत. 5 ऑगस्ट 1677 रोजी त्यांनी स्वतःच्या हाताने एक पत्र लिहून आपण मरियामातेचे कायमचे दास झालो, असे जाहीर केले. त्यांचे पुढचे सारे आयुष्य म्हणजे त्या पत्राचे पालनच होय, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

1681 ते 1684 या काळात त्यांनी कानडा प्रांतात काम केले. नंतर जुन्या गोव्यात देशी धर्मगुरूंच्या एका लहानशा मंडळीत ते सामील झाले. परंतु त्यांच्या मनाने घेतले होते ते सिंहलद्वीप, म्हणजे आजची श्रीलंका. डचांनी 1656 साली कोलंबो आणि 1658 साली जाफना पोर्तुगीजांकडून जिंकून घेतले होते. डच हे प्रॉटेस्टंट. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना बेटावर बंदी केली. धर्मगुरूला आसरा देणाऱ्यालाही कठोर शिक्षा होती. सुमारे तीस वर्षे तिथल्या कॅथलिकांना ना मिस्सा, ना पापनिवेदन, ना कोणी धर्मगुरू!

मग त्या तीस वर्षांत त्यांच्याजवळ उरले काय? मला वाटते, इथेच जपमाळेचे मोल कळते. मिस्सेला धर्मगुरू लागतो, देऊळ लागते. जपमाळेला यातले काहीच लागत नाही. पाच दशके, प्रत्येक दशकात एकदा प्रभूची प्रार्थना आणि दहा वेळा मरियेला नमन. प्रत्येक दशकाबरोबर येशू व मरिया यांच्या जीवनातला एकेक प्रसंग मनापुढे आणायचा. त्यात जन्म येतो, क्रूसावरचे मरण येते, पुनरुत्थानही येते. ज्याला अक्षर वाचता येत नाही, त्याच्याही बोटांवर सारी कथा राहते. पोथी जप्त करता येते, देऊळ बंद करता येते. पण बोटांवरची मोजणी कोणाला बंद करता येणार? दारे लावून, आवाज दाबून घरातली माणसे जी प्रार्थना करू शकत होती, ती ही.

जोसेफ वाझ 1686 साली गोव्यातून निघाले आणि पुढच्या वर्षी जाफन्याला पोहोचले. बरोबर जुवांव नावाचा एक सेवक. दोघांनीही अंगावर हमालाचा वेश घेतला होता. वाटेतल्या हालांनी ते इतके आजारी पडले, की जगण्याची आशा उरली नव्हती. बरे झाल्यावर मोठा पेच पडला. या परक्या गावात आपली माणसे ओळखायची कशी? कोणाला विचारावे, तर तोच डचांना खबर देणारा निघायचा! तेव्हा त्यांनी एक युक्ती केली. गळ्यात जपमाळ घातली आणि ते दारोदार भीक मागू लागले. भिकाऱ्याला कोण निरखून पाहतो? पण ज्याच्या घरात तशीच माळ लपवलेली असेल, त्याची नजर बरोबर तिथे अडकणार. काही दिवसांनी तसेच झाले. एका घराने माळ ओळखली, हळूच चौकशी केली आणि आपल्यापुढे भिकारी नसून धर्मगुरू उभा आहे, हे त्यांना कळले. त्यानंतर रात्री-अपरात्री गुप्तपणे मिस्सा होऊ लागल्या.

1692 साली ते कँडीच्या राज्यात गेले. तिथे पोर्तुगीजांचे हेर समजून राजाने त्यांना बंदीत टाकले. त्या काळात ते सिंहली भाषा शिकले. एकदा मोठे अवर्षण पडले असता त्यांच्या प्रार्थनेने पाऊस पडला, अशी भाविकांची श्रद्धा आहे. 1697 साली कँडीत देवीची साथ आली. राजा व मानकरी शहर सोडून गेले. टाकून दिलेल्या रोग्यांची शुश्रूषा जोसेफ वाझ व त्यांच्या सोबत्याने केली; त्यात त्यांनी धर्म पाहिला नाही. बौद्ध राजाने त्यांना पुढे अभय दिले, त्यामागे ही सेवाच असावी. 16 जानेवारी 1711 रोजी कँडीत त्यांचा देह विसावला. गोव्याला ते परत आले नाहीत. 14 जानेवारी 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद जाहीर केले.

मित्रहो, हे चरित्र वाचताना मी एका जागी अडखळले, ती जागा हमालाच्या वेशाची. माझे वडील वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी कामगार आहेत. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन ते दिवसभर गाडी खाली करतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पहिल्या वर्षी मैत्रिणींनी विचारले, तेव्हा वडील मार्केटमध्ये नोकरीला आहेत, एवढेच मी सांगितले होते. कसली नोकरी, ते सांगितले नाही. आजीच्या माळेबद्दलही मी कोणाशी बोलत नसे. अडाणीपणाची खूण वाटे ती मला.

जोसेफ वाझ यांनी नेमके उलटे केले. ज्यामुळे मान मिळाला असता, ते घराणे, ती विद्या, तो झगा त्यांनी झाकून ठेवला. आणि ज्यामुळे जीव गेला असता, ती माळ उघडी ठेवली. ती झाकली असती, तर ते सुरक्षित राहिले असते. पण त्यांची माणसे त्यांना कधीच भेटली नसती. मी माझी खूण झाकली, म्हणून इथे माझ्यासारखी आणखी कोण आहे, हे मलाही वर्षभर कळले नाही. आमच्याच वर्गातल्या एकीचे वडीलही त्याच बाजारात ओझी वाहतात, हे मला यंदा समजले.

मी ख्रिस्ती नाही. जपमाळेने काय फळ मिळते, ते मावशींनी सांगावे; तो अधिकार माझा नाही. पण परवा संध्याकाळी तेर्स चालू असताना मी आजीजवळ दारात बसले आणि तिची माळ हातात घेऊन पाहिली. मणी झिजून गुळगुळीत झाले होते. अक्षरओळख नसलेल्या माझ्या आजीने आयुष्यभर केलेला अभ्यास तो हाच.

म्हणून हा लेख लिहिला, आणि वडिलांचा व्यवसाय यात स्पष्ट अक्षरांत लिहिला.