राणीचे बाळंतपण

राणीची बाग, व्हिक्टोरिया टर्मिनस आणि एकेकाळी रस्त्यांवरून धावणाऱ्या घोडागाड्या यांमुळे व्हिक्टोरिया राणीचे नाव मुंबईकरांच्या तोंडी रुळले. ते नाव साम्राज्याच्या वैभवाशी जोडलेले आहे. अर्ध्या जगावर सत्ता सांगणाऱ्या या स्त्रीला बाळंतपणाची मात्र मनस्वी भीती वाटत असे.

या भीतीला घरातलेच कारण होते. तिची चुलत बहीण शार्लट ही राजगादीची वारस. सुमारे ५० तासांच्या वेणांनंतर तिला मृत मुलगा झाला आणि काही तासांतच, ६ नोव्हेंबर १८१७ रोजी, तीही गेली. निसर्गाच्या कामात ढवळाढवळ नको, या तत्कालीन मताला अनुसरून तिचे डॉक्टर सर रिचर्ड क्रॉफ्ट यांनी चिमट्याचा वापर टाळला होता. तीन महिन्यांनी त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. गादीला वारस उरला नाही, म्हणून प्रौढ राजपुत्रांची घाईघाईने लग्ने लावण्यात आली. त्यांतल्याच एका विवाहातून २४ मे १८१९ रोजी व्हिक्टोरियाचा जन्म झाला. एका बाळंतिणीच्या मृत्यूने तिला सिंहासनाची वाट मोकळी करून दिली होती.

जून १८३७ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, ती राणी झाली. फेब्रुवारी १८४० मध्ये तिने अल्बर्टशी विवाह केला. हा अल्बर्ट शार्लटच्या विधुर पतीचा सख्खा पुतण्या. लग्नानंतर काही आठवड्यांतच दिवस गेल्याचे कळले, तेव्हा राणीला आनंदापेक्षा संतापच अधिक आला. त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा करून ठेवला : राणीचे काही बरेवाईट झाले आणि मूल अज्ञान असले, तर अल्बर्टने राज्यकारभार पाहावा. राणीची भीती हा निव्वळ मनाचा दुबळेपणा नव्हता, हे यावरून दिसते. तिच्या मृत्यूची शक्यता राज्यानेही हिशेबात धरली होती.

नोव्हेंबर १८४० मध्ये पहिली मुलगी झाली, तेव्हा शेजारच्या दालनात मंत्री आणि धर्माधिकारी बसून होते. पुढच्या १७ वर्षांत अशी एकूण नऊ बाळंतपणे झाली. १८४१ मध्ये युवराजाच्या जन्मानंतर ती दीर्घकाळ खिन्न होती. कुटुंबवत्सल माता म्हणून तिच्या तसबिरी घरोघरी लागत, तेव्हा ती स्वतः गर्भारपणाला विवाहित स्त्रीच्या वाट्याचे मोठे दुर्दैव मानत होती.

भीतीमुळे आधीच ठरवून सिझेरियन करून घेण्याची मागणी आज स्त्रिया करतात. २०११ च्या ब्रिटिश मार्गदर्शक तत्त्वांनी अशा स्त्रीला प्रथम मानसिक आधार द्यावा आणि तरीही ती ठाम राहिली, तर तिची मागणी मान्य करावी, असे सुचवले. राणीच्या काळात हा मार्गच नव्हता. पोट चिरून मूल काढलेल्या बहुतेक स्त्रिया तेव्हा दगावत. गर्भाशय नीट शिवण्याची पद्धत रूढ होऊ लागली ती १८८२ नंतर. राणीला मागता येण्याजोगे एकच होते, वेदनेपासून सुटका.

ती सुटका एडिंबरोत सापडली. नोव्हेंबर १८४७ मध्ये जेम्स यंग सिम्प्सन यांनी प्रसूतीत क्लोरोफॉर्म वापरले. वेदना ही स्त्रीला मिळालेली ईश्वरी शिक्षा आहे, असा आक्षेप आला. परंतु त्याचा नंतर फार गाजावाजा झाला. खरा विरोध डॉक्टरांचा होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता. जानेवारी १८४८ मध्येच पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेत क्लोरोफॉर्म दिलेली १५ वर्षांची मुलगी दगावली होती.

तरीही ७ एप्रिल १८५३ रोजी, आठव्या बाळंतपणात, बकिंगहॅम राजवाड्यात डॉ. जॉन स्नो यांना पाचारण करण्यात आले. पुढच्याच वर्षी लंडनमधील पटकीच्या साथीचा संबंध एका पंपाच्या पाण्याशी जोडणारे स्नो ते हेच. त्यांनी हातरुमालावर क्लोरोफॉर्मचे मोजके थेंब टाकून प्रत्येक कळेबरोबर ते हुंगायला दिले. हे ५३ मिनिटे चालले. राणी शुद्धीवर होती आणि लिओपोल्ड सुखरूप जन्मला. दैनंदिनीत राणीने या औषधाची मनापासून वाखाणणी केली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने मात्र नाराजीच व्यक्त केली. राणीने तिकडे लक्ष दिले नाही. १४ एप्रिल १८५७ रोजी शेवटच्या, बिअॅट्रिसच्या वेळी पुन्हा स्नो आले आणि पुन्हा तोच रुमाल.

पुढच्या वर्षी थोरली मुलगी लग्न होऊन प्रशियात गेली आणि लगेच गर्भवती राहिली. ही बातमी राणीला मुळीच रुचली नाही. तिला स्वतःला जाता येईना, म्हणून तिने विश्वासू डॉ. जेम्स क्लार्क आणि एक सुईण बर्लिनला धाडली. २७ जानेवारी १८५९ रोजी पायाळू बाळंतपण झाले. तासन् तास चाललेल्या वेणांत क्लार्क क्लोरोफॉर्म देत राहिले. आई वाचली, मूलही वाचले. परंतु ओढून काढताना त्याचा डावा हात कायमचा अधू झाला.

ते मूल म्हणजे पुढे जर्मनीचा सम्राट झालेला दुसरा विल्हेल्म. २२ जानेवारी १९०१ रोजी ऑस्बोर्न येथे राणीने देह ठेवला, त्यापूर्वी दोनेक तास उजव्या, धडधाकट हाताने आजीला सावरून तो तिच्या बिछान्याशी बसला होता.