घटक ४ : बालगंधर्व : कलावंत, मालक आणि मेहनतान्याचा प्रश्न

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास पूर्ण केल्यानंतर आपणांस
• बालगंधर्वांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील;
• संगीत नाटक मंडळ्यांमध्ये कलावंत आणि व्यवस्थापक यांच्यात मोबदल्यावरून निर्माण होणाऱ्या वादाचे स्वरूप स्पष्ट करता येईल;
• मेहनतान्याशी संबंधित मराठी शब्दांमागील सामाजिक नाते उलगडून दाखवता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, आपण सटाण्यासारख्या गावी राहत असाल, तर कलावंत आणि त्याचा कार्यक्रम ठरवणारा यांच्यातील व्यवहार आपण जवळून पाहिला असेल. यशवंतराव महाराज देवमामलेदारांची यात्रा असो किंवा बागलाणातील एखाद्या लहान गावची जत्रा असो, सुपारी ठरते, इसार हातावर पडतो आणि उरलेली रक्कम कार्यक्रमाच्या दिवशी द्यावयाची असे बोलणे होते. सर्व सुरळीत पार पडले तर या बोलण्याची आठवणही राहत नाही. परंतु पाऊस आला, गर्दी जमली नाही, किंवा उलट अपेक्षेपेक्षा अधिक जमली, की ठरले काय होते हा प्रश्न उभा राहतो. कलावंताला वाटते की लोक आपल्यासाठी आले. व्यवस्था करणाऱ्याला वाटते की जोखीम आपण उचलली. बहुतेक वेळा दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते, आणि म्हणूनच हा वाद सोडवणे कठीण जाते.

मराठी रंगभूमीवर हाच प्रश्न नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांच्या आयुष्यात वेगवेगळ्या रूपांत पुनःपुन्हा आला. ते प्रथम पगारी नट होते, नंतर भागीदार झाले, पुढे एकटे मालक झाले, आणि अखेर दुसऱ्याच्या कराराने बांधलेले कलावंत ठरले. वादाच्या सर्व बाजूंना एकच माणूस उभा राहिल्याचे असे उदाहरण विरळाच. त्यांच्या गायनाविषयी आणि स्त्रीभूमिकांविषयी आपण अन्यत्र वाचाल. येथे त्यांच्या चरित्राकडे या एका बाजूने पाहावयाचे आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ पगारी नट (१९०५ ते १९१३)

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. बालवयातील त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व हे नाव दिले, असे परंपरेने सांगितले जाते. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून ज्या मंडळीचा पाया घातला, तिची लोकप्रियता भाऊराव कोल्हटकरांच्या निधनानंतर (१९०१) ओसरू लागली होती. सतरा वर्षांच्या या नटाच्या शकुंतलेने ती परत मिळवून दिली.

त्या काळी स्वतंत्र दलाल किंवा प्रतिनिधी नव्हता, हे आपण लक्षात घ्यावे. गावे ठरवणे, नाट्यगृह मिळवणे, जाहिरात करणे, तिकीटविक्रीचा हिशेब ठेवणे आणि नटांचे पगार देणे ही सारी कामे मंडळीचा मालक किंवा व्यवस्थापक करीत असे. नट मंडळीच्या बिऱ्हाडात राहत, तेथेच जेवत आणि ठरलेला पगार घेत. प्रयोग बंद असतानाही हा संसार चालवावा लागे. किर्लोस्कर मंडळीत हा भार शंकर बापूजी मुजुमदार वाहत होते. अण्णासाहेबांचे चरित्र लिहिणारे मुजुमदार जाणते गृहस्थ होते, त्यांना केवळ पैशाचा माणूस समजणे अन्यायाचे होईल.

१२ मार्च १९११ रोजी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी नारायणरावांच्या लहान मुलीचे निधन झाले होते. तरीही त्यांनी प्रयोग थांबू दिला नाही आणि भामिनीची भूमिका केली. हा प्रसंग बहुधा कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. पण त्याची दुसरी बाजूही आहे. संपूर्ण मंडळीचे भवितव्य एका नटाच्या उभे राहण्यावर अवलंबून होते. ज्याच्यावर सर्वांचे पोट अवलंबून आहे, त्याला पगारी नोकर म्हणून किती काळ ठेवता येईल, हा प्रश्न फार दिवस टळण्यासारखा नव्हता.

त्याच वर्षी नानासाहेब जोगळेकर निवर्तले आणि कारभाराची सूत्रे मुजुमदारांच्या हाती एकवटली. त्यांच्या कारभाराशी प्रमुख नटांचे मतभेद वाढत गेले. अखेर १९१३ मध्ये नारायणराव, गणपतराव बोडस आणि ‘मानापमान’च्या पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे असे तिघे बाहेर पडले. त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली.

४.३.२ नट झाला मालक (१९१३ ते १९२१)

वाद हाताळण्याची ही पहिली रीत : सोडून जाणे. तिचा लाभ तात्काळ दिसला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय मिळाला. खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ १० डिसेंबर १९१६ रोजी आले आणि भास्करबुवा बखल्यांच्या चालींनी ते घरोघरी पोहोचले. १९१९ मध्ये राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ आले. गडकरी स्वतः मात्र तो प्रयोग पाहण्यास हयात नव्हते.

किर्लोस्कर मंडळीलाही या फुटीतून सावरावे लागले. तिने मास्टर दीनानाथ मंगेशकरांना घेतले. परंतु १९१८ मध्ये दीनानाथही चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बाहेर पडले आणि बळवंत संगीत मंडळी उभी राहिली. पाच वर्षांच्या अंतराने एकाच घरात तीच गोष्ट दोनदा घडावी, यावरून दोष केवळ व्यक्तींचा नव्हता हे स्पष्ट होते. नटाच्या वाढत्या मोलाला जागा देणारी व्यवस्थाच मंडळ्यांमध्ये नव्हती. मोल वाढले की एक तर गप्प बसावयाचे, नाही तर बाहेर पडावयाचे, एवढे दोनच मार्ग उरत.

मालक झालेल्या नटांपुढेही हाच पेच उभा राहिला. टेंबे काही काळाने वेगळे झाले आणि त्यांनी शिवराज मंडळी काढली. पुढे बोडसही गेले. ज्या तिघांनी एका मालकाविरुद्ध एकत्र येऊन घर मांडले, त्यांना एकत्र मालकी टिकवता आली नाही. तिघांपैकी कोणाचे नाव पाहून प्रेक्षक येतात, याविषयी कोणालाच शंका नव्हती. मग नफा समान वाटावा की नावाप्रमाणे, आणि खर्चाचा निर्णय कोणी घ्यावा? भागीदारीत हे प्रश्न नोकरीतल्यापेक्षा अधिक नाजूक होतात, कारण तेथे मतभेद बरोबरीच्या माणसांत आणि मित्रांत असतो.

यातून आपल्या अभ्यासाचा मुख्य मुद्दा हाती येतो. कलावंत मालक झाला म्हणजे मेहनतान्याचा वाद संपत नाही. तो फक्त जागा बदलतो.

४.३.३ कर्ज आणि परतफेड

एकट्या मालकीबरोबर नारायणरावांच्या वाट्याला मंडळीचे कर्जही आले. १९२१ च्या सुमारास ते लाखाच्या घरात गेले होते. उत्पन्न उदंड होते, पण खर्च त्याहून मोठा होता. खरी रेशमी वस्त्रे, अत्तरे, उंची सजावट आणि उत्तमोत्तम साथीदार यांत त्यांनी हात आखडता घेतला नाही. सारंगीस कादरबक्ष आणि तबल्यास अहमदजान थिरकवा असावेत, हा आग्रह श्रोत्यांना अमृतासारखा आणि तिजोरीला भारी होता. प्रेक्षकाला सर्वोत्तमच दिले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. तिची किंमत कोणी आणि कशातून द्यावी, याचा विचार मागे राहत असे.

कर्जाच्या याच वर्षी, ८ जुलै १९२१ रोजी, मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. गंधर्व आणि ललितकलादर्श या प्रतिस्पर्धी मंडळ्या एकत्र आल्या. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर झाले. स्वतः ऋणात असणाऱ्या नटाने त्या रात्रीचे उत्पन्न देशकार्यास दिले. पुढे अनेक वर्षे प्रयोग करून त्यांनी मंडळीचे देणेही फेडले.

येथे वाद हाताळण्याची दुसरी रीत दिसते : स्वतः सोसणे. तिच्यात मोठेपणा आहे, हे कोणीही मान्य करील. पण तिच्यात एक धोकाही आहे. ज्याचे देणे आहे ते नट फेडतो, मात्र स्वतःचे येणे कधीच निश्चित करीत नाही. म्हणून कर्ज फिटूनही शिल्लक उरत नाही.

४.३.४ चित्रपटाचा करार

१९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. त्यात राजाची भूमिका गोविंदराव टेंबे यांनी केली, म्हणजे १९१३ च्या तिघांपैकी एक नव्या माध्यमात आधीच पोहोचला होता. बोलपटांनी नाट्यगृहे रिकामी केली आणि गंधर्व मंडळीलाही थांबावे लागले. त्यानंतर नारायणरावांनी प्रभातशी एकाहून अधिक चित्रपटांचा करार केला. व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली संत एकनाथांच्या जीवनावरील ‘धर्मात्मा’ १९३५ मध्ये प्रदर्शित झाला. समोर प्रेक्षक नाही, गाणे तुकड्यातुकड्याने चित्रित होते, एकदा ठरलेल्या लांबीबाहेर आलाप जात नाही, ही पद्धत त्यांना मानवली नाही. एका चित्रपटानंतरच हा संबंध संपला.

आपण मागील दोन प्रसंगांशी याची तुलना करावी. येथे अटी आधी ठरल्या होत्या, त्यामुळे वेगळे होताना दोन्ही पक्षांना आपली जागा माहीत होती. वाद हाताळण्याची ही तिसरी रीत : आधी ठरवणे, आणि न जमल्यास ठरल्याप्रमाणे दूर होणे. मात्र कराराने पैशाचा प्रश्न सुटला, कामाच्या स्वरूपाचा सुटला नाही. मोबदला किती, एवढेच लिहून भागत नाही. काम कोणत्या परिस्थितीत करावयाचे, हाही मोबदल्याचाच भाग असतो.

४.३.५ अखेरची वर्षे

पुढे नारायणराव पुन्हा रंगभूमीकडे वळले. वय वाढले होते आणि स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाचा काळ सरला होता. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण असे सन्मान त्यांना लाभले, पण उत्तरायुष्य आर्थिक विवंचनेतच गेले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जयंतीदिनी, पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिर खुले झाले.

४.४ मेहनतान्याचे शब्द

या चरित्रात आलेल्या शब्दांकडे भाषेच्या दृष्टीने पाहिल्यास नात्यांचा इतिहास दिसतो. ‘बिदागी’ हा शब्द निरोप देणे या अर्थाच्या ‘बिदा’पासून आला. निरोपाच्या वेळी यजमान स्वखुशीने देतो ती बिदागी, म्हणून ती मागावयाची नसते. ‘पगार’ पोर्तुगिजांकडून आला, त्यात मालक आणि नोकर हे नाते आहे. ‘भागीदार’ शब्दात संस्कृत ‘भाग’ आणि फारसी ‘दार’ एकत्र नांदतात. ‘कंत्राट’ युरोपीय भाषांतून आले. मंडळ्या मोडल्यावर नट प्रयोगागणिक पैसे घेऊ लागला आणि ‘नाइट’ हा इंग्रजी शब्द रात्रीऐवजी त्या रात्रीच्या मोबदल्यासाठी रूढ झाला.

आजही कलावंताला बिदागीच्या भाषेत बोलावले जाते आणि कंत्राटाच्या भाषेत राबवले जाते. अनेक वादांचे मूळ या दोन भाषांच्या गल्लतीत असते. एक जण आदराची गोष्ट करीत असतो, दुसरा हिशेबाची.

४.५ समारोप

विद्यार्थी मित्रहो, बालगंधर्वांनी घेतलेले देणे चुकवले आणि प्रेक्षकाला कमी दिले नाही. त्यांच्या आयुष्यात उणीव राहिली ती स्वतःच्या श्रमाचे मोल वेळीच ठरवून घेण्याची. आपल्यापैकी कोणी कीर्तन करीत असेल, कोणी भजनी मंडळात वा वाद्यवृंदात गात असेल, कोणी गावच्या यात्रेसाठी फड ठरवीत असेल. रक्कम, इसार, प्रवास व जेवणाचा खर्च, कार्यक्रम रद्द झाल्यास काय, आणि गर्दी अधिक झाल्यास वाटा कोणाचा, एवढ्या गोष्टी आधी कागदावर आल्या, तर दोघांचाही मान राहतो. पैशाचे बोलणे हा कलेचा अपमान नाही, हे या चरित्रातून शिकावयाचे आहे.

४.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. नाटक मंडळीतील व्यवस्थापकाची बाजू आणि प्रमुख नटाची बाजू स्वतंत्रपणे मांडा.
२. बालगंधर्वांच्या चरित्रातील वाद हाताळण्याच्या तीन रीती सोदाहरण स्पष्ट करा.
३. ‘बिदागी’, ‘पगार’ आणि ‘नाइट’ या शब्दांतून व्यक्त होणाऱ्या नात्यांतील फरक सांगा.
४. आपल्या परिसरातील एखाद्या लोककलावंताशी बोलून त्याचा मोबदला कसा ठरतो, याची दहा ओळींत नोंद करा. संबंधितांची नावे लिहू नयेत.