तुरुंगाला न डगमगलेल्या रखमाबाई

महिनाभरात पतीच्या घरी नांदायला जा, अन्यथा सहा महिन्यांचा कारावास भोगा. मुंबई उच्च न्यायालयाने ४ मार्च १८८७ रोजी रखमाबाईंपुढे हे दोनच मार्ग ठेवले. अवघ्या २२ वर्षांच्या या तरुणीने तुरुंगात जाण्याची तयारी दर्शवली. घटस्फोट हा तिसरा मार्ग तिच्यासाठी अस्तित्वातच नव्हता.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग यांचे छत्र लहानपणीच हरपले. सुतार समाजात विधवाविवाहाला मज्जाव नसल्याने आई जयंतीबाई यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. तत्पूर्वी पहिल्या पतीची मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावे केली. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी या १९ वर्षांच्या नातलगाशी लावण्यात आले. त्या मात्र माहेरीच राहिल्या आणि वाचनात रमल्या.

१८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत पत्नीची मागणी केली. ती फेटाळली गेल्यावर वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा उभा राहिला. अजाण वयातील लग्नाला आपली संमती नव्हती, शिवाय पतीची सांपत्तिक स्थिती व प्रकृतीही सांसार चालवण्याजोगी नाही, अशी रखमाबाईंची बाजू होती. न्या. पिन्हे यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये ती उचलून धरली. हा दावाच मुळी इंग्रजी कायद्यातून आलेला, हिंदू धर्मशास्त्रात त्याला आधार नाही, हे त्यांचे निरीक्षण मार्मिक होते. परंतु अपिलात हा निकाल टिकला नाही आणि प्रकरण न्या. फॅरन यांच्यापुढे गेले. विलायतेतून आलेल्या या तरतुदीचे समर्थन धर्मरक्षणाच्या नावाने व्हावे, हा त्या वादातील मोठा विरोधाभास! लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’नेही रखमाबाईंवर टीका केली.

१८६९ च्या घटस्फोट कायद्याची कक्षा ख्रिस्ती विवाहांपुरती होती. काही जातींत काडीमोडीची रूढी असली, तरी हिंदू स्त्रीला विवाहातून मुक्त करणारा कायदा नव्हता. अखेर जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. राणी व्हिक्टोरियाने हा विवाह रद्द केल्याचे अनेकदा लिहिले जाते. प्रत्यक्षात या रकमेने केवळ तुरुंग टळला, लग्न संपले नाही. दादाजींनी दुसरा विवाह केला. तो मार्ग पुरुषाला खुला होता.

१८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि परतल्यावर सुरत व राजकोट येथे त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ रुग्णसेवा केली. १९०४ मध्ये दादाजींचे निधन झाल्यावर, ज्याच्याशी संसार नाकारला त्याच्याच वैधव्याचे पांढरे लुगडे त्यांनी नेसले. हे कोडे आजही अभ्यासकांना सुटलेले नाही.

त्यांच्या हयातीतच कायदा हळूहळू बदलला. नांदण्यास नकार देणाऱ्या पत्नीला तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ मध्ये रद्द झाली. मुंबई प्रांताने १९४७ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा देशभर आला. मात्र छळ सोसणाऱ्या पत्नीला त्यात थेट घटस्फोट नव्हता. क्रूरतेच्या कारणावरून आधी न्यायिक विभक्तताच मिळे. क्रूरता हे घटस्फोटाचे कारण ठरले ते १९७६ च्या दुरुस्तीने. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने घटस्फोट न मागताही संरक्षण, निवास आणि पोटगीसाठी दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याची सोय केली.

नांदण्याचा दावा मात्र कलम ९ मध्ये कायम आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो वैध ठरवला. फरक इतकाच, की अशा हुकूमनाम्यानंतर वर्षभर सहवास झाला नाही, तर तेच आता घटस्फोटाचे कारण ठरते.

हिंदू विवाह कायदा लागू झाल्यानंतर जेमतेम चार महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी रखमाबाईंचे निधन झाले.