मनाच्या ओपीडीचे पहिले डॉक्टर

कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात १९३३ साली एक नवी ओपीडी सुरू झाली. तापाच्या, खोकल्याच्या, हाडे मोडलेल्यांच्या रांगा तिथे रोजच्याच होत्या. ही नवी ओपीडी होती मनाने आजारी असलेल्यांसाठी. झोप उडालेले, कारण नसताना रडू येणारे, शंका जात नाही म्हणून पुन्हापुन्हा हात धुणारे लोक इतर रुग्णांसारखेच येऊन दाखवून घरी जाऊ शकणार होते. भारतातल्या सर्वसाधारण रुग्णालयात सुरू झालेली ही पहिली मानसोपचार ओपीडी मानली जाते. ती सुरू करणारे डॉक्टर होते गिरींद्रशेखर बोस.

आज यात विशेष काही वाटणार नाही. पण तेव्हा देशात १९१२ चा ल्युनसी कायदा लागू होता. मनोरुग्ण म्हटला की वेड्यांचे इस्पितळ, आणि तिथे भरती व्हायची ती बहुधा मॅजिस्ट्रेटच्या आदेशाने. उंच भिंती, कुलपे, घरापासून कितीतरी दूर. एकदा आत गेलेला माणूस परत येईलच याची खात्री घरच्यांनाही नसे. जो कामाला जातो, जेवतो, चारचौघांत बोलतो, पण आतून पोखरला गेला आहे, अशा माणसासाठी तर काहीच सोय नव्हती. तो वैद्याकडे जाई, नाहीतर मांत्रिकाकडे.

गिरींद्रशेखर यांचा जन्म ३० जानेवारी १८८७ चा, बिहारमधल्या दरभंग्याचा. वडील चंद्रशेखर हे दरभंगा महाराजांच्या संस्थानात दिवाण होते. घर खातेपिते, वाचणारे. थोरले भाऊ राजशेखर पुढे रसायनशास्त्रज्ञ झाले आणि परशुराम या टोपणनावाने बंगालीतले मोठे विनोदी लेखकही झाले. धाकट्या गिरींद्रला लहानपणापासून जादूच्या प्रयोगांचे आणि संमोहनाचे वेड. समोरच्या माणसाला आपण जे सुचवू ते तो करतो, हे कसे होते, हा प्रश्न त्यांना डॉक्टर होण्याच्या आधीच पडलेला होता.

१९१० मध्ये ते कलकत्ता मेडिकल कॉलेजातून एम.बी. झाले आणि दवाखाना टाकला. दवाखाना चांगला चालला. तिथेच त्यांना तो रुग्ण भेटू लागला जो आजही प्रत्येक डॉक्टरला भेटतो. छातीत धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, डोके जड पडते, आणि तपासले तर सगळे ठीक. अशा रुग्णाला टॉनिक देऊन वाटेला लावणे सोपे असते. बोस यांनी ते केले नाही. सुरुवातीला संमोहन वापरून पाहिले, मग हळूहळू रुग्णाला बोलू देण्याकडे वळले. फ्रॉइड यांच्या कल्पना तेव्हा इंग्रजी नियतकालिकांतून त्रोटक स्वरूपात हिंदुस्थानात पोचत होत्या. त्या वाचून बोस यांना जाणवले की आपण जे अंदाजाने करतो आहोत त्याला व्हिएन्नात कुणीतरी शास्त्राचे रूप देत आहे.

इथे त्यांनी जे केले ते फार कमी डॉक्टर करतात. कलकत्ता विद्यापीठाने १९१६ मध्ये मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू केला. विभागप्रमुख नरेंद्रनाथ सेनगुप्ता हार्वर्डहून शिकून आलेले. प्रयोगशाळा, स्मरणशक्तीच्या चाचण्या, प्रतिसादाचा वेळ मोजणारी उपकरणे असा सगळा थाट. चालता दवाखाना असलेले, संसारी, तिशीला टेकलेले डॉ. बोस या विभागात विद्यार्थी म्हणून दाखल झाले. १९१७ मध्ये एम.एस्सी. झाले, लगेच तिथेच शिकवू लागले आणि १९२१ मध्ये दमनाच्या संकल्पनेवर प्रबंध लिहून डी.एस्सी. मिळवली. मानसशास्त्रातली भारतातली ही पहिली डॉक्टरेट समजली जाते. या प्रबंधामागे प्रयोगशाळेतल्या उपकरणांपेक्षा दवाखान्यातल्या रुग्णांचे बोलणे जास्त होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्यांचा मूळ विचार साध्या शब्दांत असा. मनात एक इच्छा उठते तेव्हा तिची उलट इच्छाही मनात कुठेतरी असते. मारावेसे वाटणाऱ्याच्या मनात मार खाण्याचीही इच्छा दडलेली असते, जवळ जावेसे वाटणाऱ्याच्या मनात दूर पळण्याचीही. दोन्ही एकदम वर येऊ शकत नाहीत. मग एक दाबली जाते आणि तिथून आजार सुरू होतो. उपचार म्हणजे रुग्णाला आळीपाळीने दोन्ही बाजूंना उभे करून पाहणे. हा सिद्धांत आज जसाच्या तसा कुणी वापरत नाही. पण एखादी सासुरवाशीण माहेरी जायचे म्हणते आणि माहेरी गेली की तिला तिथेही राहवत नाही, हे पाहिलेल्याला बोस यांचे म्हणणे अगदीच परके वाटणार नाही.

प्रबंधाचे पुस्तक त्यांनी फ्रॉइडना पाठवले. इतक्या दूरच्या देशातून, आपल्याला न भेटलेल्या माणसाकडून असे काम यावे याचे फ्रॉइडना नवल वाटले, आणि दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. तो १९३७ पर्यंत चालला, प्रत्यक्ष भेट मात्र कधीच झाली नाही. बोस यांनी फ्रॉइडचे सगळेच मान्य केले नाही. मुलग्यांच्या मनातल्या भीतीबद्दल फ्रॉइड जे सांगतात ते आपल्या बंगाली रुग्णांत त्याच रूपात दिसत नाही, असे त्यांनी सरळ कळवले. फ्रॉइडना ते पटले नाही. बोस यांनीही माघार घेतली नाही. १९३१ मध्ये फ्रॉइड यांच्या पंचाहत्तरीला कलकत्त्याहून हस्तिदंती विष्णुमूर्ती भेट गेली, ती फ्रॉइडनी आपल्या टेबलावर ठेवली.

१९२२ मध्ये १४, पारशीबागान लेन या बोस यांच्या राहत्या घरात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन झाली. सभासद मोजकेच. कुणी कॉलेजात मानसशास्त्र वा तत्त्वज्ञान शिकवणारे, कुणी डॉक्टर, आणि रांचीच्या मनोरुग्णालयाचे इंग्रज अधीक्षक बर्कले-हिल. याच घरात उत्केंद्र समिती नावाचा गप्पांचा अड्डाही भरे. उत्केंद्र म्हणजे केंद्रातून सुटलेले, थोडक्यात विक्षिप्त. नावावरूनच घरातली हवा कळते.

संस्थेचे खरे काम होते माणसे तयार करण्याचे. पुस्तक वाचून सर्जरी येत नाही हे सगळ्यांना पटते, पण पुस्तक वाचून समुपदेशन येते असा समज तेव्हाही होता आणि आजही आहे. मनाचा उपचार शिकायचा तर रुग्णासमोर बसावे लागते, काय बोललो ते वरिष्ठांसमोर जसेच्या तसे मांडावे लागते आणि कुठे चुकलो ते ऐकून घ्यावे लागते. रुग्ण रडू लागला की शिकाऊ माणूस घाबरून विषय बदलतो. ही खोड कुणीतरी दाखवून दिल्याशिवाय जात नाही. मनोविश्लेषणात तर शिकणाऱ्याने आधी स्वतः रुग्णाच्या जागी बसावे असा दंडक होता. १९२९ मध्ये सेनगुप्ता लखनौला गेल्यावर बोस विद्यापीठातल्या विभागाचे प्रमुख झाले. विद्यापीठाचा विभाग, घरातली संस्था आणि १९३३ नंतर रुग्णालयातली ओपीडी, या तिन्ही ठिकाणी एकच माणूस होता. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला पदवी आणि रुग्ण यांच्यातला रस्ता पहिल्यांदा सापडला तो इथे.

यातली एक अडचण सांगायला हवी. बोस यांना स्वतःला कुणी शिकवले नव्हते. त्यांच्यावर देखरेख करणारा कुणी नव्हता, त्यांचे विश्लेषण त्यांनी स्वतःच केलेले. पहिल्या माणसाला दुसरा इलाज नसतो. पण संस्थेच्या स्थापनेपासून मरेपर्यंत, म्हणजे ३१ वर्षे, अध्यक्ष तेच राहिले. बहुतेक शिष्य त्यांच्याच हाताखाली घडलेले. गुरूचा शब्द खोडायचा कुणी, हा प्रश्न अशा ठिकाणी उरतोच. शिकाऊ मानसशास्त्रज्ञाला एकापेक्षा जास्त वरिष्ठांसमोर केस मांडायला लावतात, त्याचे कारण हेच.

१९४० मध्ये कलकत्त्याच्या तिलजला भागात लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय उभे राहिले. जागा भाऊ राजशेखर यांनी दिली. गिरींद्रशेखर यांच्याबरोबर तरुणचंद्र सिन्हा यांनी ते चालवले. वेड्यांच्या इस्पितळाला पर्याय म्हणून घरासारखी जागा, हा त्यामागचा विचार होता.

इथलाच एक रुग्ण साऱ्या बंगालला ठाऊक होता. कवी काझी नझरुल इस्लाम. १९४२ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांची वाचा आणि स्मृती जाऊ लागली. त्यांना लुंबिनी पार्कमध्ये आणले गेले. सुमारे चार महिने ते तिथे होते. गुण आला नाही. पुढे १९५३ मध्ये व्हिएन्नातल्या तज्ज्ञांनी तपासून निदान केले ते पिक्स डिसीजचे. या आजारात मेंदूचा पुढचा आणि बाजूचा भाग झिजत जातो. त्यावर बोलण्याचा उपचार चालत नाही आणि खात्रीचे औषध आजही नाही. १९४२ मध्ये सीटी नव्हता, एमआरआय नव्हता. दोष कुणाला द्यायचा? तरी ही केस आजच्या प्रत्येक शिकाऊ मानसशास्त्रज्ञाला सांगायला हवी. चाळिशीतल्या माणसाचा स्वभाव एकाएकी बदलला, शब्द आठवेनात, तर आधी मेंदू तपासायचा. थायरॉइड, बी-१२, मेंदूतली गाठ, दारू हे सगळे नैराश्याचा मुखवटा घालून ओपीडीत येतात. आपल्या हातातला उपचार कुठे संपतो हे ओळखणे हा शिक्षणाचाच भाग आहे.

बोस यांची ओपीडी कलकत्त्यात सुरू झाल्यावर पाच वर्षांनी, १९३८ मध्ये, मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात डॉ. के. के. मसानी यांनी तशीच सोय केली. तिथून धाराशिवपर्यंत यायला मात्र फार काळ लागला. देशाचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला १९८२ मध्ये, जिल्ह्यांसाठीचा कार्यक्रम १९९६ मध्ये. तोवर कळंब, भूम, परंड्याच्या घरात कुणाचे मन बिघडले तर आधी बाहेरचे बघायचे, अंगारा लावायचा, आणि फारच झाले तर सुमारे अडीचशे किलोमीटरवरचे येरवडा. मधले काही नाही. १९९३ च्या सप्टेंबरातल्या भूकंपानंतर लोहारा-उमरगा भागात पत्र्याच्या शेडमध्ये रात्री दचकून उठणाऱ्या माणसांना घरांइतकीच मनाच्या उपचाराचीही गरज होती, ती अनेकांना सांगताही आली नाही. २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्याने १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात हा जिल्हा होता. आशाताई घरोघर जाऊन प्रश्नावली भरून घेऊ लागल्या. झोप लागते का, जेवण जाते का, जगावेसे वाटते का.

शेवटचा प्रश्न विचारल्याने माणसाच्या डोक्यात नको ते भरते, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. उलट कुणीतरी विचारले म्हणून त्याला हलके वाटते. पण हो असे उत्तर आले तर पुढच्या पाच मिनिटांत काय करायचे, हे यायला हवे. घरात फवारणीचे औषध आहे का, कुठे ठेवले आहे, आज रात्री सोबत कोण असेल, हे विचारायचे असते. हे वर्गात शिकवून भागत नाही. जिल्ह्याच्या ओपीडीत, सलाईन लावा म्हणून हटून बसलेल्या शेतकऱ्यासमोर, पाठीशी अनुभवी माणूस असतानाच ते शिकता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही चिकित्सा मानसशास्त्रज्ञाच्या व्याख्येत देखरेखीखालचे प्रत्यक्ष रुग्णशिक्षण धरले आहे. मात्र हे शिक्षण देणाऱ्या बहुतेक जागा मोठ्या शहरांत आहेत. मुंबई-पुण्यात शिकलेल्या मुलीला देवीचे वारे अंगात येणाऱ्या बाईशी कसे बोलायचे हे कोण शिकवणार? बोस यांनी फ्रॉइडना कळवले होते ते थोडेफार असेच होते, की इथला रुग्ण वेगळा आहे.

त्यांची पद्धत मात्र जिल्ह्याच्या ओपीडीत चालण्यासारखी नाही. महिनोन्‌महिने, तासतासभर एका रुग्णाला देणे सकाळच्या गर्दीत शक्य नसते, आणि शेतमजुराला तितक्या वेळा तिकीट काढून येणेही परवडत नाही. नैराश्य आणि चिंतेसाठी आता कमी बैठकांचे, नेमके उपचार आहेत, औषधे आहेत, आणि ते उपयोगी पडतात हे तपासलेले आहे. बोस यांचे टिकले ते दार. सर्वसाधारण रुग्णालयात, इतर ओपीड्यांच्या बरोबरीने मनाची ओपीडी.

१९४७ मध्ये संस्थेचे समीक्षा हे नियतकालिक निघाले. मधल्या काळात त्यांनी बंगालीत स्वप्नांवर पुस्तक लिहिले, पुराणांवर लिहिले, मुलांसाठी गोष्टही लिहिली. १९४९ मध्ये ते विद्यापीठातून निवृत्त झाले. ३ जून १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. नझरुल यांचे व्हिएन्नातले निदान त्याच वर्षी पुढे झाले, ते त्यांना कळले नाही. १९५४ मध्ये बंगळूरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली आणि लगोलग तिथे मानसशास्त्राच्या पदवीधरांसाठी रुग्णालयातच शिकण्याचा अभ्यासक्रम सुरू झाला. तीच संस्था आज निम्हान्स म्हणून ओळखली जाते.

मनाच्या तक्रारीसाठी जिल्हा रुग्णालयात वेगळी चिठ्ठी लागत नाही, नेहमीचाच केसपेपर काढायचा. येणे शक्य नसेल तर टेलीमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.