रमाबाईंचे इंग्रजी

मुलामुलींनो, उर्दू तुम्हांला घरात बोलता बोलता आली. मराठीचे शब्द मात्र मेहनतीने पाठ करावे लागतात, होय ना? रमाबाई रानडे यांनाही इंग्रजी असेच शिकावे लागले.

त्यांचा जन्म १८६२ मध्ये देवराष्ट्रे या गावी झाला. १८७३ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचे लग्न झाले. तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने त्यांना मुळाक्षरांपासून शिकवले. मराठीपर्यंत कसेबसे चालले. पण इंग्रजीचे नाव निघताच पुण्याच्या घरातील बायका चिडल्या. एकदा इंग्रजी वर्तमानपत्राचा पडलेला तुकडा उचलून रमाबाई वाचत उभ्या राहिल्या. त्यात कोणीतरी सुकी मासळी बांधलेली होती! मग काय, हसणे, टोमणे आणि वर आंघोळ.

१८७९ मध्ये रानड्यांची बदली आपल्या धुळ्याला झाली. सरकारला त्यांचा संशय होता. त्यांची पत्रेही फोडून पाहिली जात. रमाबाई मात्र पुण्याच्या टोमण्यांपासून दूर आल्या होत्या. रानड्यांची नजर अधू होती, म्हणून रमाबाई त्यांना वर्तमानपत्रे व पुस्तके मोठ्याने वाचून दाखवत. शब्द अडला की अर्थ सांगणारा समोरच बसलेला! शब्दकोशापेक्षा हे बरे, असे मला वाटते.

पुढे मुलींसाठी हायस्कूल मागण्याकरिता पुण्यात सभा भरली. तेथे गव्हर्नरांसमोर रमाबाईंनी इंग्रजीतून निवेदन वाचले. घरी पुन्हा बोलणी खावी लागली. १८८४ मध्ये ते हायस्कूल सुरू झाले. त्यालाच हुजूरपागा म्हणतात.