गोलंदाज बाळू पालवणकर

महाळुंगे पडवळसारख्या गावातली कबड्डी असो किंवा मुंबईतले क्रिकेट, सामन्याआधी प्रत्येक खेळाडूची छाती धडधडते. अशा वेळी सोबत्याने पाठीवर हात ठेवला, की धीर येतो. पण सोबतीच दूर बसले तर? बाळू पालवणकर या थोर खेळाडूच्या वाट्याला हेच आले होते.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे कोकणातील पालवणचे. ते चर्मकार समाजातले होते. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानत. वडील सैन्यात नोकरीला होते. पुण्यात बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंनी क्रिकेट शिकले.

बाळू आधी पारशी क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडत. मग गोऱ्यांच्या पूना क्लबात त्यांना चार रुपये मिळू लागले. तेथे ग्रेग नावाच्या फलंदाजाला ते तासन्‌तास गोलंदाजी करत. बाळू डाव्या हाताने चेंडू टाकत. या सरावाने त्यांचा हात तयार झाला.

पुण्यातील हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते. म्हणून त्यांनी बाळूंना संघात घेतले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. पण चहाच्या वेळी बाळूंना बाहेर उभे करून मातीच्या भांड्यात चहा देत. जेवणाचे ताटही वेगळे असे. कल्पना करा, ज्यांच्यासाठी आपण घाम गाळतो, त्यांनीच आपल्याला दूर ठेवावे! समोरच्या संघाशी लढायचे आणि हा अपमानही सोसायचा, असे दुहेरी ओझे बाळूंच्या मनावर होते.

पुढे बाळू मुंबईला गेले. हिंदू जिमखान्यातील काही जणांनी त्यांना विरोध केला. पण कर्णधार कीर्तिकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. मुंबईत ते सोबत्यांबरोबर जेवूही लागले. १९०६ साली हिंदू संघाने गोऱ्यांना १०९ धावांनी हरवले. त्या सामन्यात बाळूंनी आठ गडी बाद केले. भाऊ शिवरामही त्याच संघात होते.

१९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या संघात हिंदू, मुस्लिम, पारशी आणि शीख खेळाडू एकत्र होते. संघ बरेच सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले.

एवढे करूनही त्यांना कधी कर्णधार केले नाही. १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी अन्यायाविरुद्ध संघ सोडला. अखेर पुढच्या सामन्यात बाळूंना उपकर्णधार करावे लागले आणि भाऊही परतले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने गोऱ्यांना हरवले. १९५५ साली बाळूंचे निधन झाले.

मित्रांनो, बाळूंकडे कौशल्य होते, हिंमतही होती. पण कीर्तिकरांसारखा कर्णधार आणि पाठीशी उभे राहणारे भाऊ नसते, तर त्यांची वाट किती अवघड झाली असती! तुमच्या संघातही एखादा मुलगा एकटा बसत असेल. उद्या डबा उघडाल, तेव्हा त्याला आपल्या शेजारी बोलवा.